चिठ्ठीबाईची खुर्ची

सायकलच्या दुकानाशेजारून जो लाकडी जिना वर जातो, त्याला अकरा पायऱ्या आहेत आणि त्यातली सातवी कुरकुरते. ती कुरकुरली की वरच्या खोलीतली बाई मान वर न करता सांगायची, येणारा जड आहे की हलका, घाईत आहे की निवांत, आपल्या मनाने आलाय की बायकोने ढकलून पाठवलाय. तिचा अंदाज सहसा चुकत नसे. बावीस वर्षं तिने रानात काढली होती. तिचा नवरा वनरक्षक. त्याच्या पाच बदल्या झाल्या, पाच अरण्यांत तिने पाच चुली मांडल्या. कुठे चौकीच्या ओट्यावर बिबट्या येऊन बसायचा, कुठे आठ आठ दिवस माणसाचं तोंड दिसायचं नाही. नवरा निवृत्त झाला, त्याचे गुडघे गेले, तो कुंड्यांना पाणी घालत घरी बसला. बाईला मात्र शहरात बसवेना. तिने सायकलवाल्याच्या माडीवरची खोली घेतली आणि लोकांना अरण्य निवडून द्यायला लागली.

हा काय धंदा आहे, असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटायचं. अरण्य काय, दिनदर्शिकेवर ज्याचं चित्र असतं तिथे जावं, वाघ बघावा, परत यावं. बाई म्हणायची, "चित्र पाहून सोयरीक जमवता का? मग अरण्य का जमवता?" ज्याला चार लेकरं आहेत आणि एकही गप्प बसत नाही, त्याला ती मोकळ्या माळाच्या अरण्यात पाठवायची. तिथे हरणांचे कळप गाडीच्या चाकाशी चरतात, लेकरांनी आरडाओरडा केला तरी दिवस वाया जात नाही. ज्याच्या कमरेत दुखणं आहे, त्याला नदीच्या अरण्यात, नावेवर. ज्याला जनावर दिसलंच पाहिजे त्याला उन्हाळ्यातलं कोरडं डोंगरी रान, कारण तिथे तेव्हा तीनच पाणवठे उरतात आणि तहान कोणालाच चुकत नाही. आणि ज्याला काही दिसलं नाही तरी चालतं, असा हजारात एखादा आला, तर त्याच्यासाठी तिच्याकडे एक अरण्य राखून ठेवलेलं होतं. तिथे गाडी जात नाही. पायी जायचं, पाचच पाहुणे, पुढे मागकाढ्या. मागकाढ्या म्हणजे मातीवरचा माग वाचत माणसांना रानातून नेणारा. तो तिच्या नवऱ्याच्या हाताखाली तयार झालेला होता आणि तिला वहिनी म्हणायचा.

त्या अरण्यात कोण जाऊ शकेल, हे ठरवायची तिची एक रीत होती. खिडकीशी एक वेताची खुर्ची. तिथे अर्धा तास बसायचं. फोन टेबलावर, तोंड बंद. खाली सायकलवाला चाकाच्या कड्यावर हातोडी घालत असतो, तो घालेना का. बाई आपल्या कामात असल्यासारखी दिसायची, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळं टिपायची. कोणाचा पाय हलायला लागतो, कोण दर हातोडीला दचकतो, कोण सहाव्या मिनिटाला "बाई, पाणी मिळेल का?" म्हणतो. पाणी मागणाऱ्याला पाणी मिळायचं आणि माळाचं अरण्य मिळायचं.

जो खुर्चीत टिकला, त्याच्याबरोबर ती मागकाढ्यासाठी चिठ्ठी द्यायची. चौघडी घातलेली, डिंकाने चिकटवलेली. माणूस कसा आहे, कुठे घाबरेल, रांगेत कुठे चालवावा, हे दोन ओळींत. मागकाढ्याकडे फोन नव्हता तेव्हापासूनची ही रीत. पुढे फोन आले तरी चिठ्ठी राहिली, आणि लोकांनी बाईचं नाव चिठ्ठीबाई पाडलं. एकोणीस वर्षांत एकही चिठ्ठी चुकली नाही असं ती म्हणायची. म्हणताना हनुवटी थोडी वर जायची. तो ताठा तिला शोभायचा, खोटं कशाला बोलू.

त्या साली थंडीत घड्याळजी आला. चौकात चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला म्हातारा, बारीक चणीचा, कानावरून घट्ट ओढलेली लोकरी टोपी. सातवी पायरी त्याच्या पायाखाली कुरकुरली का नाही, हे बाईला नंतर कितीही आठवून आठवलं नाही.

"पायी जायचंय," तो म्हणाला. "गाडीत बसून नाही. पायी."

"वय काय?"

"सत्तरीला दोन कमी. पण पाय चाळिशीतले आहेत. दुकानात बसून बसून वापरलेच नाहीत."

बाई हसली. तिचं हसणं आणि बोलणं दोन्ही मोठं. रानात असताना नवरा ओढ्यापलीकडच्या चौकीवर असायचा, जेवायला बोलवायचं तर ओढ्यावरून हाक घालावी लागे. तो आवाज शहरातही तसाच राहिला होता. दोन हातांवरच्या माणसाशीही ती ओढा मध्ये असल्यासारखी बोलायची.

घड्याळजी खुर्चीत बसला. आणि काय बसला! खाली सायकलवाल्याने त्या दिवशी एक वाकडं कडं धरलं होतं, ठाण ठाण घाव पडत होते, खिडकीची काच थरथरत होती. म्हाताऱ्याची पापणी हलली नाही. रस्त्यावर ट्रकने भोंगा मारला, तो समोरच्या झाडावरच्या कावळ्याकडे पाहत राहिला. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, बाईने मुद्दामच उठवलं नाही. असा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. तिने हौसेने चिठ्ठी लिहिली: यांना शेवटी चालव. माणूस दगडासारखा शांत आहे.

रांगेत शेवटचा माणूस कोण, ही पायी जाण्यातली सगळ्यात अवघड निवड. पुढचं मागकाढ्या पाहतो. मागचं शेवटच्याने ऐकायचं असतं.

आठ दिवसांनी सकाळी, आठाला वीस मिनिटं असताना, सातवी पायरी अशी ओरडली की बाईने पेन खाली ठेवलं. दारात शाळेची बस चालवणारी बाई उभी होती. खाकी डगला, हातात बसची किल्ली. मुलं शाळेत सोडून ती तशीच आली होती. खाली बसचं इंजिन अजून टिकटिक करत गार होत होतं.

"माझे बाबा कुठे आहेत?"

"कोण बाबा?"

"घड्याळजी. मला म्हणाले मित्राच्या गावी चाललोय. शेजारीण आत्ता सांगते, चिठ्ठीबाईने त्यांना जंगलात पाठवलंय."

"पाठवलंय. पायी जायच्या अरण्यात. अगं, काळजीचं काही नाही, तुझे बाबा म्हणजे..."

बसवालीने खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. शेंगदाण्याएवढं, कातडीच्या रंगाचं, बारीक नळी असलेलं.

"हे काय आहे?"

"कान," ती म्हणाली. "त्यांचा. साखरेच्या डब्यात सापडला. शिट्टी वाजवतो म्हणून लपवून ठेवतात. याच्याशिवाय त्यांना तोफसुद्धा ऐकू येत नाही. समोर उभं राहून कोणी ओरडलं तरच कळतं, तेही ओठ बघून."

खाली सायकलवाल्याने घाव घातला. ठाण. हातोडीने न दचकणारा म्हातारा तिला दिसला, आणि त्याच्या कानावर ओढलेली टोपी दिसली, आणि आपला स्वतःचा आवाज तिला पहिल्यांदाच ऐकू आला. ओढ्यावरून घातलेला.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"मी काय विचारतेय आणि तुम्ही..."

"किती वाजले ते सांग!"

"पावणेआठ."

बाईने त्या अरण्याच्या नाक्याला फोन लावला. नाक्यावरचा नाकेदार जुना होता, तिच्या हातचा चहा प्यायलेला.

"साडेसहाला आत गेले, बाई. पाच पाहुणे आणि आपला मागकाढ्या. एक नवं जोडपं आहे, दोघी बहिणी आहेत, आणि तो म्हातारा. तुमची चिठ्ठी वाचून त्याला शेवटी लावलं. म्हातारा काय खूश होता म्हणून सांगू! सगळ्यांना सांगत होता, मला शेवटचं मानाचं ठिकाण दिलंय."

"गवतात शिरले का?"

"सव्वासातनंतर शिरले असणार. रोजचंच."

बाईने फोन कानापासून काढला नाही, पण दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरली. त्या अरण्यात ओढा ओलांडला की उंच गवताचा पट्टा लागतो. माणसापेक्षा दीड हात उंच गवत आणि त्यातून जनावरांनीच पाडलेली एक अरुंद गल्ली. हत्ती नदीवरून परततात ते याच गल्लीने. त्यात सव्वा तास चालावं लागतं. दिसत काही नाही, तिथे कानच चालतात. मागकाढ्या जिभेने 'टक्' करतो, की सगळे थांबतात. दोनदा केलं की बसतात. आणि मागून काही आलं, तर शेवटच्याने पुढच्याच्या पाठीवर हात ठेवायचा. शेवटच्याला ऐकूच आलं नाही, तर रांगेतल्या कोणालाच काही कळणार नाही.

"त्या मागकाढ्याकडे वायरलेस असेल ना? त्यावर सांगा त्याला," बसवाली म्हणाली. तिला सगळं समजलं होतं. फोनमधला आवाज खोलीभर ऐकू येत होता. "आत्ता. लगेच सांगा."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"चालत्या माणसांना नाक्यावरून हाक मारायची नसते. वायरलेस खरखरतो. आत्ता हाक मारली, तर ती एकट्या मागकाढ्याला ऐकू येणार नाही. गवतात आणखी जो कोणी असेल त्यालाही येईल. हत्तीण पिलाबरोबर असेल, तर ती आवाजाच्या अंगावर येते."

"मग गाडी पाठवा!"

"गाडीला वाट नाही. आणि गाडीचा आवाज तर..."

"म्हणजे तुम्ही काहीच करणार नाही?"

"साडेआठला ते गवतातून निघून सपाट दगडावर चढतात. तिथे थांबतात, पाणी पितात. तिथे मी हाक मारणार."

"पाऊण तास!"

"पाऊण तास."

बसवालीने किल्ली टेबलावर आपटली. "तुमची ती खुर्ची, तुमची ती चिठ्ठी! अर्ध्या गावाने मला सांगितलं, बाईला माणूस बघताक्षणी कळतो. काय कळलं हो तुम्हाला? बहिरा माणूस तुम्हाला साधू वाटला!"

बाईने खिडकीकडे बोट केलं. "बस तिथे."

"त्या खुर्चीत? मी?"

"उभं राहून पाऊण तास जात नाही. मी केलेलं आहे. नवरा वणव्यात गेला होता तेव्हा. बस."

ती बसली. दोन मिनिटांत उठली. पुन्हा बसली. खाली हातोडी पडली की तिचा खांदा उडायचा. बाईने जिन्यावरून खाली वाकून ओरडून सांगितलं, "सायकलवाले, हातोडी ठेव खाली!" सायकलवाल्याने हातोडी ठेवली, आणि मग ती शांतता हातोडीपेक्षा वाईट झाली.

बाईने टेबलावर नकाशा पसरला. "इथे ओढा. इथून गवत. आत्ता ते इथे असतील, मेलेल्या झाडापाशी." तिचं बोट बोटाच्या पेऱ्याइतकं पुढे सरकलं. "आठ वाजता इथे, चिखलाच्या खड्ड्याशी. तिथे पाय रुततात, सगळे हळू होतात."

"बाबांना चिखलात चालायची सवय नाही."

"चिखल बरा. पायाचा आवाज होत नाही."

"त्यांना काय, त्यांना आवाज झाला तरी कळणार नाही," बसवाली म्हणाली, आणि हसायला गेली, ते हसू मध्येच मोडलं. मग म्हणाली, "आई गेल्यापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत. कान घालायचा नाही, म्हणजे बोलावं लागत नाही. दुकान विकलं, तरी भिंतीवरची सगळी घड्याळं घरी आणलीत. किल्ली देतात रोज. टिकटिक ऐकू येत नाही ते बरं, म्हणतात."

फोन चालूच होता. सव्वाआठ वाजता नाकेदार म्हणाला, "बाई, मी मचाणावर चढलोय. गवतावर बगळे उडालेत."

"कुठे?"

"चिखलाच्या थोडं पुढे."

"परत बसले का?"

"नाही. घिरट्या घालतायत."

बाईचं बोट नकाशावर थांबलं. बगळे हत्तींबरोबर चालतात. हत्ती चालत असले की बगळे उठतात, पुढे जाऊन पुन्हा बसतात. घिरट्या घालत राहिले, की समजायचं खाली हत्ती उभे राहिलेत. आणि हत्ती वाटेत उगाच उभे राहत नाहीत. हे तिने बसवालीला सांगितलं नाही. पण बसवाली तिच्या बोटाकडेच पाहत होती.

साडेआठ वाजले. "मार हाक," बाई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक निघाला की नाकेदाराने विचारलं, "काय म्हणालात?"

"हाक मार."

"दगड, दगड, नाका बोलतोय." खरखर. "दगड, नाका बोलतोय." नुसती खरखर. दगडावर कोणी नव्हतं.

"आता नको मारू," बाई म्हणाली. "पोहोचले नाहीत. अजून आतच आहेत." आणि तिला कळलं की आपण आत्ता दोन हाका गवतात सोडल्या.

बसवाली खुर्चीत होती. आता ती हलत नव्हती. दोन्ही हातांत तिने तो शेंगदाण्याएवढा कान धरला होता, जसं थंडीत पडलेलं पाखराचं पिल्लू धरतात.

नऊला आठ मिनिटं असताना वायरलेस बोलला. कुजबुज. "नाका. आम्ही बसलोय. बोलू नको." आणि बंद.

"आम्ही म्हणजे किती?" बाईने विचारलं. "अरे, आम्ही म्हणजे किती जण?"

"एवढंच म्हणाला, बाई."

या पुढच्या अठरा मिनिटांबद्दल दोघींपैकी कोणी पुढे कधी बोललं नाही. मलाही ती भरून काढता येणार नाहीत. एवढंच ठाऊक आहे, की केव्हातरी बाई उठून खुर्चीशी गेली आणि खाली जमिनीवर बसली, आणि बसवालीने तिला हात लावू दिला.

नऊ वाजून दहा मिनिटांनी मागकाढ्याचा आवाज आला, पूर्ण आवाज, दगडावरून. नाकेदाराने फोन वायरलेसला भिडवला.

"वहिनी आहेत का तिकडे? सांगा त्यांना, सहाच्या सहा आहेत. हातपाय सगळे जागेवर."

बसवालीने तोंडावर हात दाबला.

"म्हातारा शेवटी होता ना?" बाईने विचारलं.

"ओढ्यापर्यंत होता. मग काय झालं विचारा! गवताच्या तोंडाशी मी उभा, तर म्हातारा रांग मोडून सगळ्यांच्या पुढे आला, माझा दंड धरला. म्हणाला, मला ऐकू येत नाही. बाईला फसवून आलो. मागचं मला कळणार नाही आणि पुढच्यांना माझ्यामुळे कळणार नाही, मला शेवटी ठेवू नका. वहिनी, असा राग आला मला! परतच न्यायला निघालो होतो सगळ्यांना. पण मागे ओढ्यावर हत्ती उतरले होते, परतायची सोय नव्हती. मग माझ्या कमरेचा दोर त्याच्या मनगटाला बांधला. एक ओढ म्हणजे थांब, दोन म्हणजे बस. आणि जोडप्यातल्या नवऱ्याला शेवटी लावलं."

"आणि?"

"आणि चिखलाच्या पुढे हत्तीण पिल्लू घेऊन मागूनच आली. त्या पोराने तिचा श्वास ऐकला, हात पुढे दिला. आम्ही कडेला घुसून बसलो. त्यात तुमच्या दोन हाका! वायरलेस पोटाखाली दाबून बसलो होतो, वहिनी. ती आठ हातांवर थांबली. कान उघडे. किती वेळ, देव जाणे. मग पिल्लू कंटाळलं, आणि गेली."

मग बसवालीने डगल्याच्या बाहीने चेहरा पुसला, टेबलावरची किल्ली उचलली, आणि दारात वळून म्हणाली, "चिठ्ठीबाई, तुमच्या खुर्चीला आधी कान बसवा."

सातवी पायरी कुरकुरली. बाईने ती ऐकली.

तिसऱ्या दिवशी घड्याळजी आला. टोपी हातात होती, कान कानात होता, आणि लेक मागे उभी होती, हाताची घडी घालून. म्हाताऱ्याच्या उजव्या मनगटावर दोराचा लाल वळ होता. त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवली. तिच्या मागच्या बाजूला मागकाढ्याने लिहिलं होतं. एकोणीस वर्षांत त्याने पहिल्यांदाच उलट चिठ्ठी पाठवली होती: वहिनी, खुर्चीत बसवण्याआधी मागून एक हाक मारत जा.

"मी खोटं बसलो," घड्याळजी म्हणाला. "ऐकू येत नाही म्हटलं असतं तर तुम्ही मला लेकरांबरोबर माळावर पाठवलं असतं."

"पाठवलं असतं," बाई म्हणाली. "आणि मीही खोटंच पाहिलं. मला पाहिजे होता तसा माणूस दिसला, मी पुढे बघितलंच नाही."

ती हे हळू बोलली. आयुष्यात पहिल्यांदा ती इतकी हळू बोलली असेल. म्हातारा लेकीकडे वळला. "काय म्हणाल्या?"

"माफी मागतायत," लेक म्हणाली.

"असं होय. मग मोठ्याने मागा की."

बसवाली हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. बाईलाही हसू आलं, पण तिने ते आवरलं आणि पेन उचललं.

"परत जायचंय?"

"तिथेच. दोर बांधून. मागकाढ्या म्हणाला, वहिनीची चिठ्ठी असेल तरच नेईन."

"बाबा!" बसवाली म्हणाली.

"तूही चल की. तू शेवटी चाल. तुझे कान तिखट आहेत, मी दुकानात फोन घेतला तरी तुला घरी कळायचं."

बसवालीने बाईकडे पाहिलं. बाईने खिडकीकडे पाहिलं. बसवाली खुर्चीपर्यंत गेली, पाठीवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि बसली. खाली सायकलवाल्याची हातोडी सुरू झाली. पहिल्या घावाला तिचा खांदा हलला, मान हातोडीच्या दिशेने वळली, आणि मग ती स्थिर झाली. बाईने या वेळी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं नाही, सरळ पाहिलं. ती हळूच उठली, खुर्चीच्या मागे गेली आणि कागदाचा एक तुकडा जमिनीवर सोडला.

बसवालीने ते ऐकलं आणि मागे न बघता हात पाठीमागे नेला, तळवा उघडा धरून.

अर्धा तास पुरा झाल्यावर बाईने लिहिलं: लेकीला शेवटी चालव. बापाला दोर लागेल. माणूस खरं बोलतो, पण ओढ्याशी पोहोचल्यावर. आणि चिठ्ठी न चिकटवता, तशीच उघडी, तिने घड्याळजीच्या हातात दिली.